चादरीखालचे पाय

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री आहे. वाफ, साबणाचा उग्र वास आणि यंत्रांची घरघर. तिथे बायका दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालतात. चादर ताणून धरायची, वर उचलून झटकायची, मग एकीने चालत येऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. माझी धाकटी बहीण तिथे कामाला लागली होती. घरात तिला सगळे छोटीच म्हणत. आई गेल्यापासून ती माझ्याजवळच राहते.

एका दुपारी तिने हातातली चादर टाकली आणि किंचाळली. चादरीखाली तिला पाय दिसले होते. समोरच्या बाईच्या पायांत रबरी बूट होते. हे पाय दोघींच्या मधोमध होते, अनवाणी, ओले.

आठवडा उलटायच्या आत सगळ्यांनाच ते दिसू लागले. एक बाई घेरी येऊन पडली, दोघींनी तर येणंच बंद केलं. सुपरवायझर बाई माझ्या खोलीत आल्या.

"डॉक्टर, तुमची बहीण म्हणून गप्प बसलेय. पण हे खूळ हिनेच आणलं. थांबलं नाही तर हिला घरी बसवावं लागेल."

माझ्या जिवाला घोर लागला. छोटीला आधीच झोप नव्हती, अन्न जात नव्हतं. ते काम सुटलं असतं तर ती खोलीबाहेर पडलीच नसती. आणि मी मनोविकारांची डॉक्टर! घरचंच माणूस बरं करता येत नसेल तर दारावर पाटी कशाला?

मी एकेकीला वेगळं बसवून विचारलं, पायांची बोटं कुणाकडे वळलेली होती? प्रत्येकीचं एकच उत्तर, "माझ्याकडे." चादरीच्या या बाजूची बाईही तेच सांगे, समोरचीही तेच. मला हायसं वाटलं. असे पाय असूच शकत नाहीत.

मग सगळ्यांना एकत्र बोलावलं. "एकीने जांभई दिली की दुसरीला येते ना? भीतीचंही तसंच असतं. चादर वर गेली की समोरची दिसत नाही आणि मन बिचकतं. तेव्हा हाक मारायची, 'आहेस?' समोरचीने म्हणायचं, 'आहे.' संपलं. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका."

बायका हसल्या. कितीतरी दिवसांनी छोटीही हसली.

उपाय लागू पडला. रडारड थांबली, घरी बसलेल्या दोघी परत आल्या. छोटी पोटभर जेवू लागली, भांडी घासताना गुणगुणू लागली. सुपरवायझर बाईंनी मला मुद्दाम खाली बोलावलं. "या, बघा तरी तुमची करामत."

मी दारात उभी राहिले. चादरी वर जात होत्या, खाली येत होत्या.

"आहेस?"

"आहे."

आणि लगेच, जरा खालून, पुन्हा, "आहे."

तळघरात आवाज घुमतो, मी स्वतःला सांगितलं. पण "आहेस?" घुमत नव्हतं. आणि एकही बाई दचकत नव्हती.

घरी येताना मी छोटीला विचारलं, "पाय दिसतात अजून?"

"दिसतात की."

"मग भीती नाही वाटत?"

"आता कसली भीती, ताई? इतके दिवस तिला कुणी हाकच मारली नव्हती. तूच तर शिकवलंस."

तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. भर दुपार होती. छोटीने चादरीचं एक टोक धरलं, मी दुसरं. चादर वर गेली. मी खाली बघितलं नाही.

"ताई, आहेस?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आहे," माझ्याच आवाजात उत्तर आलं.

छोटी खुदकन हसली. चादर खाली आली तेव्हा ती कोपरे घेऊन माझ्याकडे चालत येत होती.

अर्ध्यावर थांबली.

हात पुढे केले, कोपरे दिले, आणि दोरीवरचे बाकीचे कपडे काढायला गेली.

तिच्या बाजूची चादर खाली पडली नाही.