पहिल्या हाकेची ओ

शीतल, फोन उचलत नाही म्हणून चिडू नकोस, मी टाइप करतेय ते वाच. मला बोलता येत नाहीये. मला! जिचं पोटच आवाजावर चालतं.

शनिवारी सर्वेशबरोबर इब्रामपूरला गेले. त्याच्या बेडकांच्या व्हिडिओला आवाज द्यायचा होता, बाकी काही नाही. कमलाक्षीमावशीच्या, म्हणजे त्याच्या मावशीच्या घरामागे डोंगर आहे. चहा देताना ती म्हणाली, "गो चेडवा, तिनसांजेक कोणी नाव घेतला तर पयल्या हाकेक ओ देव नको हां. तीन हाकां होवंदे." मी हसले. आमच्या पणजीत कोण हाका मारतं?

तिन्हीसांजेला आम्ही डोंगरावर गेलो. वर काजूच्या झाडांमधोमध जुनी विहीर, मावशीच्या भाषेत बांय. धुकं, कुजक्या पानांचा वास. पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना पांढरे गोळे लटकलेले.

"साबण लावलाय कुणी झाडाला?"

"अगो शाणे, घरटी ती! झाडबेडकी पायांनी फेस घुसळते, आत अंडी. पिल्लांना शेपट्या फुटल्या की टपाटप खाली पाण्यात."

त्याने स्पीकरवर नराचा आवाज लावला. टक्... टर्र्र्... "आता बघ, दुसरा नर ओ देतोच. राहवतच नाही त्याला."

पानापानांतून उत्तरं आली. मग एकदम सगळं गप्प. पाणीसुद्धा ठिबकेना.

"गौरवी..."

कुणा बाईचा आवाज, अगदी जवळून.

"ओ!" गेलंच गं तोंडातून.

सर्वेशने माझा हात घट्ट धरला. "कोणाला ओ दिलीस?"

तेवढ्यात फेसाच्या गोळ्यातून आलं, "ओ..." माझाच आवाज. मग शेजारच्या गोळ्यातून. मग त्याच्या पलीकडच्या. मी किंचाळायला तोंड उघडलं... नुसती हवा.

डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे.

आज दिवेलागणीला मावशीचा फोन आला. सर्वेश माझ्याकडेच होता, त्याने स्पीकरवर टाकला. मावशी कुजबुजत होती, "सर्वेशा, फेस इरगळलो रे... पिल्लां पाण्यात पडली. बांयच्या तळातसून चेडवाचो आवाज येता..."

तिच्यामागून ऐकू आलं. बारीक बारीक, पुष्कळ तोंडांनी एकदम, माझ्या आवाजात, "सर्वेश..."

मी त्याच्या तोंडाकडे हात नेला. ओरडता आलं असतं तर वेळेत थांबवलं असतं त्याला.

"ओ?" म्हणाला तो. सवयीने.

म्हणून सांगते, शीतल. दाराबाहेरून सर्वेशने तुला हाक मारली तर गप्प बस. अगदी गप्प.

सर्वेश इथे माझ्या शेजारी बसलाय. तोही टाइपच करतोय.