दोन बोटं खाली

आधी तो मोबाईल उलटा ठेव बघू. तोंडावर उजेड पडला की तू हुबेहूब तुझ्या बापासारखा दिसतोस, आणि मग मला गोष्ट सुचत नाही. आणि धाकटे, तू आत्ताच भिंतीला टेकून बस. नंतर माझ्या पाठीशी सरकायचं नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा शाळेपासूनचा दोस्त, जुन्या गाड्यांचा मिस्त्री. खरं नाव राहू दे. सगळे त्याला ‘पाचमिनिटे’ म्हणायचे. आडनाव नव्हे रे ते! इंजिन उतरवायचं असो नाहीतर आरसा बसवायचा असो, गडी म्हणणार ‘पाच मिनिटं’ आणि लावणार दोन दिवस. पण हाताला असा गुण की भंगारातली गाडी उठून चालायला लागायची.

त्याची स्वतःचीही एक गाडी होती. साठ वर्षांपूर्वीची, लांब बोनेटची, मागं सोफ्यासारखी सीट. सहा वर्षं तिच्यापायी खपला. बायको म्हणायची, “सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं.” सगळं जमून आलं, फक्त त्या मापाची चाकं चारच मिळाली. पाचवं काही मिळेना. मग स्टेपनी म्हणून त्याने हल्लीच्या गाडीतलं ते छोटं चाक डिकीत टाकलं. पाहिलंय ना तुम्ही? बारीक, किडकिडीत, कसंबसं गॅरेज गाठण्यापुरतं. त्याच्यावर वेगात जायचं नाही, ओझं घालायचं नाही.

आणि आणखी एक नियम. जुन्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असतो. म्हणून मागचं चाक पंक्चर झालं तर पुढचं मोठं चाक काढून मागं लावायचं आणि छोटं पुढं. मागं लहान-मोठी चाकं फिरली तर आतले गिअर भाजून निघतात. वीस मिनिटं जास्त लागतात, बाकी काही नाही. पाचमिनिटे हे प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचा.

तर, अकरा डिसेंबर. गुरुवार. शहरातल्या एका दुकानात कार्बोरेटर आला होता, तो घेऊन गडी रात्री जेवून परत निघाला. रस्ता चांगला, डांबरी, मोकळा. थंडी मात्र अशी की स्टिअरिंग धरवत नव्हतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी मागचं डावं चाक बसलं. ओढ्यावरच्या एका मोरीजवळ त्याने गाडी कडेला घेतली, जॅक लावला, टॉर्च दातात धरला आणि नटांशी झटापट सुरू केली.

“मी धरू का उजेड?”

दचकलाच तो. मोरीच्या कठड्यावर एक म्हातारा बसला होता. अंगात पातळ स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. शेवटची बस चुकली, म्हणाला. घाबरू नका, माणूसच होता तो. श्वासाची वाफ दिसत होती त्याच्या.

म्हाताऱ्याने टॉर्च धरला. गारठ्याने अंग थरथरत होतं, पण उजेड नटावरून हलू दिला नाही. मध्येच म्हणाला, “सुंदर गाडी आहे हो. लेकीसारखी जपलेली दिसतेय.”

पाचमिनिटे खूश झाला. आपल्या गाडीला कुणी चांगलं म्हटलं की विरघळायचाच तो. पण बोटं बधिर झालेली, कंबर धरलेली. पुढचं चाक काढून मागं लावायचं त्याच्या जिवावर आलं. तीसच किलोमीटर तर जायचंय, हळू जाऊ. लावलं छोटं चाक सरळ मागं. आयुष्यात पहिल्यांदा.

जॅक काढला तशी गाडी डावीकडे कलली. सगळं आवरून तो उठला, तेव्हा म्हातारा हळूच म्हणाला, “दादा, मला जरा पुढं सोडाल का? लेक वाट बघत असेल.”

पाचमिनिटेने छोट्या चाकाकडे पाहिलं. गाडीच्याच वजनाने ते दबलं होतं.

“नाही जमणार हो बाबा. या चाकावर ओझं चालत नाही. माझे गिअर जातील. मागून येईलच एखादी गाडी.”

खोटं नव्हतं ते. चाक नीट लावलं असतं तर मात्र जमलं असतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“बरं, बरं,” म्हातारा म्हणाला. “जपून जा.” आणि टॉर्च पुढं केला.

“राहू द्या तुमच्याकडे. गाडी आली की दाखवा.”

एवढं केलं त्याने. कुठं जायचंय, हे मात्र विचारलं नाही.

निघाला. गाडी डावीकडे कललेली. छोटं चाक आहे, कलणारच. आरशात टॉर्चचा उजेड बराच वेळ दिसला, मग वळणाआड गेला.

साधारण दहा किलोमीटर गेला असेल. घड्याळात बाराला दहा कमी.

मागच्या सीटची स्प्रिंग वाजली.

डाव्या बाजूची. ती त्याने स्वतः बसवली होती. कुणी बसलं तरच वाजायची...

मग गाडी आणखी कलली. थोडीशीच. मागं कुणी टेकून बसावं, इतकीच.

त्याने आरशात पाहिलं. अंधार.

थांबला. उतरला. मागचं डावं दार उघडलं. सीट रिकामी. पण मध्ये दबलेली. हात लावला... गार. बर्फासारखी गार.

“बाबा?”

...

वाटलं, मागं वळावं. मोरीपर्यंत जाऊन यावं. वळला नाही. दार लावलं, हळूच, आपटू नये म्हणून. आणि घरापर्यंत एकदाही मागं पाहिलं नाही.

सकाळी उजाडताच पंक्चर काढलं, मोठं चाक बसवलं आणि तसाच मोरीकडे गेला. तिथं माणसं जमली होती. पोलीस होते. पहाटे दूधवाल्याला लांबूनच उजेड दिसला होता. म्हातारा कठड्यावर तसाच बसलेला. हातात टॉर्च, रस्त्याकडे धरलेला. चालू.

त्या रात्री दुसरी गाडी आलीच नव्हती.

डॉक्टर म्हणाले, बाराच्या आतच गेला असणार. पिशवीत एक जोड कपडे आणि लहान मुलीचे लोकरी मोजे. फोन नाही, चिठ्ठी नाही, पत्ता नाही. पाचमिनिटेने पोलिसांना सगळं सांगितलं, अगदी चाकाचंही. ते म्हणाले, यात तुमचा काही गुन्हा नाही. त्याला तेच सोसेना. माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. म्हणाला, “वीस मिनिटं रे. नुसती वीस मिनिटं.” महिनाभर त्याने चौकशी केली. म्हाताऱ्याला ओळखणारं कुणी सापडलं नाही. ती लेक कोण, कुठली, काही कळलं नाही.

आणि गाडी?

गॅरेजातल्या सपाट फरशीवर उभी केली. चारही चाकं मोठी, एका मापाची, हवा सारखी. तरी मागची डावी बाजू खाली. दोन बोटं. त्याने चाकांची अदलाबदल केली. खालचे स्प्रिंगचे पाटे बदलले. मग दोन्ही बाजूंचे पाटे नवे टाकले. सीट काढून उन्हात ठेवली, परत बसवली.

दोन बोटं.

काय म्हणालास? विकून का टाकली नाही? मीही हेच विचारलं होतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. म्हणाला, “आत माणूस बसलेला असताना?”

आता तो रात्री गाडी काढतो. मोरीपासून फुटणारे सगळे रस्ते धरतो, एकेक. दिवा लागलेलं घर दिसलं की थांबतो, मागचं डावं दार उघडतो आणि वाट बघतो. परवा मी शेजारी बसलो होतो. एका घरापाशी थांबला, आणि मान न वळवता विचारलं, “बाबा, इथं का?”

...

“मग कुठं सोडू? सांगा तरी.”

...

त्याने खाली उतरून दार लावलं. हळूच. आम्ही परत आलो.

गेल्या महिन्यात त्याला पाचवं चाक मिळालं बरं का. त्याच मापाचं, कोरं. ते आता डिकीत असतं. छोटं चाक त्याने गॅरेजच्या भिंतीला टांगलंय, येता-जाता नजरेला पडेल असं.

परवा परत आल्यावर गाडी फरशीवर उभी केली. आम्ही दोघंही उतरलो. तो हात धुवायला आत गेला. मी खाली वाकलो आणि मडगार्डच्या कडेला बोटं लावली. आधी उजवीकडे. मग डावीकडे.

दोन बोटं खाली.