दुपट्यावरचं नाव

शटर अर्धं खाली आलं होतं, तेवढ्यात एक माणूस वाकून आत शिरला.

"बंद झालंय," ती म्हणाली. दिवसभर भरतकामाच्या रिंगेवर वाकून बसल्यामुळे मान वर करायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

"माहितीये... मीही आत्ताच सुटलोय." अंगावर बसड्रायव्हरचा गणवेश, डोळे तारवटलेले, हातात बाळाचं पांढरं दुपटं. "एकच नाव काढायचंय. भाच्याचं. अनीस."

"छोटंसंच आहे. परवा न्या."

"अरबीत हवंय."

झालं! अशी गिऱ्हाइकं नेमकी शटर ओढतानाच उगवतात. तिनं मुकाट्यानं कागद पुढे केला. तो उजवीकडून डावीकडे लिहू लागला.

"अहो, उलटं लिहिताय!"

"तुम्ही सुलटं शिवा म्हणजे झालं."

ती हसली... आणि हसताना तिच्या लक्षात आलं, की आज दिवसभरात ती पहिल्यांदाच हसत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा हजर. "ठिपके बघायला आलो. एका अक्षराला वर एक, पुढच्याला खाली दोन. इकडचे तिकडे झाले तर भाचा कोण होऊन बसेल, देव जाणे!"

"बसा. अर्थ काय हो या नावाचा?"

तो स्टुलावर टेकला. "बाबा मुलांना अरबी शिकवायचे. म्हणायचे, या भाषेत एका मुळापासून शब्दांचं अख्खं खानदान निघतं. 'उन्स' म्हणजे माणूस जवळ असल्याची ऊब. त्याच्या उलट 'वहशा' – ओसाड जागी एकट्याच्या छातीत भरते ना, ती धडकी. वाळवंटात अशा वेळी कुणाची चाहूल लागली की जीव भांड्यात पडतो... तो सोबती म्हणजे अनीस. अरब लोक नाव ठेवताना अर्थ बघतात. आणि मूल झालं की बापालाही त्याच्याच नावानं ओळखतात – अबू अनीस, अनीसचे बाबा."

"तुम्हाला काय म्हणतात मग?"

"आधी मुलाची आई तर मिळू दे..."

तिनं घाईघाईनं सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या ओवला जाईना.

मग त्याचा आवाज खाली आला. "दिवस भरायच्या आधीच झालाय तो. काचेच्या पेटीत आहे. ताईला कुशीत घेऊ देत नाहीत. एवढासा जीव, एकटाच पडलेला असतो... निदान नाव तरी सोबतीचं असावं."

त्या संध्याकाळी तिनं साखळी टाक्यानं शेवटचं अक्षर पुरं केलं. ठिपके गाठी मारून भरले. दुपटं घडी करून ठेवलं.

तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

वडील गेल्यापासून दुकान, आई, धाकटीचं शिक्षण... सगळं तिनं एकटीनं ओढलं होतं. आणखी कुणाची काळजी करायला आपल्यात जागा उरलीच नाही, असं तिला वाटायचं. आता मात्र शटरबाहेर पाऊल वाजलं की तिची सुई थांबायची.

"कोण येणार आहे गं?" आईनं शेवटी विचारलंच.

"कुणी नाही."

"मग त्या 'कुणी नाही'ला जाऊन भेटून ये. माझ्या ब्लाउजला दोन डाव्या बाह्या लावल्यास!"

डेपोत कळलं, तो रजेवर आहे, भाच्याच्या दवाखान्यातच बसून असतो. पत्ता विचारून ती तशीच तिकडे गेली. लांबलचक व्हरांड्यात एका बाकावर तो भिंतीला डोकं टेकून झोपला होता. दाढी वाढलेली, बुटाची नाडी सुटलेली. त्याला उठवायचं तिच्या जिवावर आलं. ती शेजारी बसून राहिली.

त्यानं डोळे उघडले. "तुम्ही?"

"बाळ...?"

"फार बिघडलं होतं. हलताच आलं नाही मला इथून." त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "सकाळी नळ्या काढल्या. आपला आपण श्वास घेतोय!"

तिनं दुपटं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं, तेही उजवीकडून.

"थोडा वेळ थांबाल?"

"थोडाच वेळ थांबायचं असेल, तर आत्ताच निघते," ती म्हणाली... आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाली.

तो बघतच राहिला. "मग... जाऊच नका."

तिनं दुखरी मान अलगद त्याच्या खांद्यावर टेकली. तो जरा सरकून बसला, तिला नीट टेकता यावं म्हणून.