अट क्रमांक बारा

अट दहा : प्रबंधाच्या तीन बांधीव प्रती.

विभागाच्या कार्यालयात घोडकेबाईंनी प्रती मोजल्या, पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरं बोटानं चाचपली आणि शिक्का मारला.

अट अकरा : विद्यार्थ्याची स्मृतितपासणी.

मग त्यांनी केतकीच्या कपाळाला पट्टी बांधली. लिहिलेलं किंवा लक्षपूर्वक वाचलेलं पान पडद्यावर आलं की मेंदू ते ओळखतो. पट्टी ती ओळख टिपते. पानं सरकली. एकशे बाराच्या एकशे बारा हिरवी. केतकीनं श्वास सोडला. आज शुक्रवार. प्रबंधाची मुदत पाचपर्यंत. सोमवारी भूजल कार्यालयात रुजू व्हायचं, तेही प्रबंध दाखल झाल्याची पावती दाखवून.

अट बारा : मार्गदर्शकाची स्मृतितपासणी. (यंदापासून.)

सरवदे सरांनी हसत पट्टी बांधून घेतली.

हिरवं.

लाल. लाल. लाल. लाल.

हिरवं होतं ते मुखपृष्ठ.

"नाव तरी ओळखीचं निघालं, सर," घोडकेबाई म्हणाल्या.

सर सांगू लागले, की हाताखाली बावीस विद्यार्थी आहेत, सगळे सहीला एकाच आठवड्यात येतात. मग त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. एक वाजला होता.

"वाचतो," ते म्हणाले. "आत्ताच. बस इथं."

पान दहा. पान एकवीस. केतकी त्यांच्या पेन्सिलीकडे बघत राहिली. चाळीस विहिरी, दोन उन्हाळे, सगळं त्या टोकाखालून चाललं होतं.

पान सदतीस. पेन्सिल थांबली.

"पाण्याची खोली मोजायला टेप कुठून सोडलीस?"

"कठड्यावरून."

"सगळीकडे?"

"हो, सर."

"कठड्याची उंची वजा केलीस?"

तांबरवाडीचा कठडा तिच्या छातीला लागत होता; तेवढी खोली आकड्यात उगाच वाढली होती. शेजारच्या गावच्या विहिरीला कठडाच नव्हता. आणि शेवटच्या पानावर तिनं लिहिलं होतं : तांबरवाडीत पाणी सर्वांत खोल गेले आहे, तिथे नव्या बोअरला परवानगी देऊ नये.

सरांनी उरलेली पानंही वाचली. पावणेपाचला पुन्हा पट्टी बांधली. हिरवं, हिरवं, हिरवं. पान सदतीससुद्धा.

दाखल करायचे?

पडदा विचारत होता.

"पट्टीला वाचलेलं तेवढं कळतं," सर हळूच म्हणाले. "बरोबर की चूक, ते नाही. तू म्हणशील तसं."

घोडकेबाईंचं बोट बटणावर थांबलं होतं. केतकीला सोमवार दिसला, भूजल कार्यालयातल्या साहेबांचं टेबल दिसलं, त्यावर तिचंच शेवटचं पान. तिनं तिन्ही प्रती ओढून छातीशी धरल्या. सरांच्या कपाटात आणखी एकवीस प्रबंध होते, कोरे करकरीत.

"सर, दुरुस्त करून आणला," तिनं विचारलं, "तर पट्टी नसतानाही वाचाल?"