पायताणातली माती

बसा शेकोटीजवळ. ते मोबाईल ठेवा की जरा खिशात. मोहोळकडचा माझा दोस्त जोतीराम, त्याच्यावर बेतलेलं सांगतो. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय.

त्याचं रान तांबडं, शेजारच्या मल्लिनाथचं काळंभोर. हद्दीवरच्या काळ्या पट्ट्यात मल्लिनाथची पाण्याची बोर. जोतीरामनं तारेचं कुंपण घातलं, ते बोर आत घेऊनच. कुंपणानंच शेत खाल्लं म्हना. पंच बसले. म्हनले, "त्या पट्ट्यात उभा ऱ्हा आनि सिद्धेश्वराची आण घे." आण घेताना पायताण काढत्यात. ह्यो म्हनला, "टाचंत काटा मोडलाय." खरं म्हंजे पायताणात आधीच आपल्या रानातली तांबडी माती भरून आलेला. छातीवर हात ठेवून म्हनला, "मी माझ्याच मातीवर उभा हाय."

झालं. बोर गेली. मल्लिनाथनं हाय खाल्ली, महिन्यात गेला. त्याची बायको सिद्धेश्वरी वाळत्या कांद्याकडं बघत बसायची. लई वाईट वाटायचं.

गेल्या साली, पौषातली अवस, बुधवार. रात्री साडेदहाला लाईट आली, तसा जोतीराम शाळूला पाणी द्यायला निघाला. बायको रंभाबाई म्हनली, "अवसंचं नगा जाऊ."

"लाईट काय पंचांग बघून येतीया व्हय?" म्हनला, आनि बॅटरी घेऊन गेला.

कुंपणाच्या कडंनं चालला. पलीकडनं कुनीतरी बरोबर चालतंय. हा थांबला. तेबी थांबलं. बॅटरी मारली. कुनी न्हाय.

बोरीजवळ आला. स्टार्टरकडं हात नेला...

"जोतीराम..."

मल्लिनाथचा आवाज.

"कुनाच्या मातीवर उभा हाईस?"

परत तेच इचारलं. हळू. आता तारेच्या ह्या बाजूनं...

पाय उचलना. पायताण जड. लई जड.

...

पायताण तितंच सोडलं. अनवाणी पळाला.

सकाळी स्वतःच्या हातानं कुंपण उपटून मागं घेतलं, बोर सिद्धेश्वरीला दिली. गाव म्हनलं, तंटा मिटला. पण आण खोटी घेतली, हे काय पंचांपुढं त्याच्या तोंडनं निघालं न्हाय. लाज वाटती म्हनतो.

रानात पाय टाकायची हिंमत ऱ्हायली न्हाय. रान भावाला दिलं, आता चिंचोळी एमआयडीसीत वॉचमन हाय. नाडीचे बूट, दिवसभर फरशीवर उभा. मागल्या आठवड्यात मी तितं त्याच्या खोलीवर गेलो. ड्युटीवरनं आला, उंबऱ्यात बसला, बूट काढून उलटे केले. रंभाबाई केरसुणी घेऊन आधीच उभी होती.

काळी माती पडली. ओली.