बलयुग्माची दोन टोकं

मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘अगस्ती’ स्थानकाची दोन्ही झोतयंत्रं सकाळी नऊला आपोआप पेटली आणि विझेनात. ऐंशी मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांना ती बसवलेली होती. एकाचा झोत एका दिशेला, दुसऱ्याचा बरोबर उलट. स्थानक गरगरू लागलं.

मधल्या नियंत्रण कक्षात केंद्रप्रमुख डॉ. सुलोचना हेगिष्टे आकडे मांडत होत्या. वनस्पतिशास्त्रज्ञ जयवंत म्हसकर शेजारी खांबाला धरून उभे होते.

“दोन जोर सारखे आणि उलटे. मग एकमेकांना खोडत का नाहीत?” म्हसकरांनी विचारलं.

“ढकलण्यापुरते खोडतात. पण ते एका रेषेत नाहीत, म्हणून फिरवतात. हे बलयुग्म. त्याचा फिरवण्याचा जोर म्हणजे आघूर्ण, बल गुणिले मधलं अंतर. तीनशे न्यूटन, ऐंशी मीटर. आघूर्ण चोवीस हजार. आस मध्यावर धरा नाहीतर टोकाला, उत्तर तेच. चाळीस मिनिटांत दांडा तुटेल.”

“आणि सुटकेचं यान?”

“येऊन सगळ्यांना घेऊन निघायला सत्तर मिनिटं.”

दोन्ही टोकांच्या कोठड्यांत दुरुस्तीला गेलेलं चिंदरकर जोडपं अडकलं होतं. एकीकडे मुकुंद, दुसरीकडे शरयू. दारं बंद पडली होती आणि त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं, फक्त नियंत्रण कक्षाशी. प्रत्येक कोठडीत हाताने फिरवायची एक झडप होती. ती फिरवली की झोत बंद होणार, पण नळीतलं विषारी इंधन कोठडीत शिरणार. फिरवणारा वाचणार नव्हता.

चौथ्या मिनिटाला डॉ. हेगिष्टे मुकुंदशी बोलल्या. “दोन्ही झडपा बंद व्हायला हव्यात. इथे बावीस माणसं आहेत.”

मुकुंदने विचारलं, “शरयूनं फिरवली?”

“हो.”

तो हुंदका देऊन रडला. रडतारडताच त्याच्यातल्या अभियंत्याने हिशेब केला. एकच झोत उरला, तर मध्यापासून त्याचं अंतर चाळीस मीटर, आघूर्ण निम्मं. उरलेल्या छत्तीस मिनिटांची बहात्तर होतील. यान सहासष्ट मिनिटांत सगळ्यांना घेऊन निघणार.

त्याने झडपेवरचा हात काढून घेतला.

सातव्या मिनिटाला एक झोत विझला. यान वेळेवर आलं, मुकुंदचं बंद दार बाहेरून कापलं गेलं आणि दांडा तुटायच्या तीन मिनिटं आधी यान सगळ्यांना घेऊन सुटलं.

यानात मुकुंद स्वतःहून डॉ. हेगिष्टेंसमोर जाऊन बसला. “मी फिरवली नाही, मॅडम. ती गेलीच होती. एका झोताचं आघूर्ण निम्मं, वेळ पुरत होता. मी मेलो असतो तरी ती परत आली नसती.”

“हिशेब बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मीही तोच केला होता. पण दहा मिनिटांपेक्षा कमी फरकावर मला बावीस जीव सोडायचे नव्हते. दोन्ही झोत बंद हवे होते.”

“मग मला शिक्षा होईल?”

“नाही.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही विचारलंत तेव्हा शरयू जिवंत होती. ती गेली असं ऐकलं की तुम्ही मागे राहणार नाही, असं मला वाटलं होतं. तुम्ही राहिलात.”

मुकुंद जागेवरून उठला.

“मग मी तिला सांगितलं, मुकुंदनं फिरवली,” त्या म्हणाल्या. “तिनं हिशेब केला नाही.”