नववा टेक

जुन्या गाण्यांची खरखर काढणं हा माझा धंदा. दातांचा डॉक्टर कीड काढतो, तशी मी खरखर काढतो. फरक एवढाच, की माझे पेशंट ओरडत नाहीत, गातात.

त्या चित्रपटाला पन्नास वर्षं झाली. चित्रपट आता कोणाला आठवत नाही, आणि आठवू नये असाच तो होता. पण त्यातलं विरहगीत लग्नात, अंत्ययात्रेत आणि लिफ्टमध्ये सारख्याच भक्तिभावाने वाजतं. त्याच्या लोकप्रियतेवर मी स्वतः एक लेख लिहिला होता. कोमल स्वर, संथ लय, वगैरे. त्यावर वाचकांची एकोणचाळीस पत्रं आली आणि बहुतेकांचं म्हणणं एकच: हे गाणं समोरून येत नाही, पाठीमागून येतं. स्पीकर सरकवून बघा, असं मी कळवलं.

गाण्यावर नाव एका थोर गायिकेचं आहे. आमच्या मावशीचं म्हणणं, ते तिने गायलंय. मावशी त्या काळी डमी गायची. म्हणजे मोठ्या बाईंना वेळ नसेल तर कच्चं गाणं हिने गायचं, नायिकेने त्यावर ओठ हलवायचे, आणि मग सवडीने मोठ्या बाई येऊन हिच्या आवाजाच्या जागी आपला घालणार. मावशीच्या मते त्या खेपेला हिचा आवाज पुसायचा राहूनच गेला. हे एकदा बोलून दाखवल्यापासून सासरी तिचं नाव 'ओरिजिनल' पडलं. "ओरिजिनल, चहा टाका." पन्नास वर्षं.

आता गाण्याची नवी आवृत्ती निघणार होती. मूळ रीळ सफाईला माझ्याकडे आलं, आणि सोबतच्या पुस्तिकेत गायिकेचं नाव भरायचं कामही. मावशी एक्याऐंशीची. म्हणाली, "मी गेल्यावर छापलंस तर मला वाचून कोण दाखवणार?"

मी धीर करून थोर गायिकेला फोन लावला.

"तुझ्या मावशीनेच गायलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी गेले तेव्हा मला म्हणाले, झालंय, छान झालंय. दिवसाला चार-चार गाणी गायचे मी. म्हटलं, गायलेही असेन. मग सत्कार सुरू झाले. सत्काराला कोण नाही म्हणतं?"

तसं त्यांनी लेखीही दिलं. म्हणजे प्रश्न मिटला होता. मावशीने एकदा ऐकायचं आणि 'हे मी गायलं' म्हणून सही करायची, एवढंच उरलं.

रविवारी सकाळी अकराला मी तिला स्टुडिओत आणलं. तेव्हाचे रेकॉर्डिस्टही आले, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं घालून. रिळाच्या डब्यात त्यांच्याच टपोऱ्या अक्षरातली टेकची यादी होती. आठ टेक. आठव्यापुढे शेरा: 'घसा बसला. बंद.'

रिळावर नऊ होते.

"नववा कुठून आणलास?" रेकॉर्डिस्टनी विचारलं, जणू मी तो घरून डब्यात घालून आणला होता.

सगळीकडे वाजतो तो हाच नववा. सुरुवातीला घोषणा: टेक नऊ.

"आवाज माझाच," ते म्हणाले. "पण आठ झाल्यावर मी यंत्र बंद करून सहाच्या बसने गेलो. बायकोचं ऑपरेशन होतं. असल्या दिवसाची बस माणूस विसरत नाही."

वाद्यं आधीच वेगळी रेकॉर्ड करून ठेवलेली, त्यामुळे वादकांना साक्षीला बोलावण्यात अर्थ नव्हता. मी वाद्यं काढून नुसता आवाज लावला. मावशीचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. मग थांबले.

"ही मी नाही."

"मावशी, पन्नास वर्षं तूच म्हणतेस की..."

"पन्नास वर्षं वाद्यांसकट ऐकलं रे. ऐक नीट. ही श्वास कुठे घेतेय?"

मी तपासलं. अख्ख्या गाण्यात एकही श्वास नव्हता. हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, मला सांगता येत नाही. माझ्या लेखात तर 'श्वासांची विलक्षण जाण' असं एक वाक्य आहे.

धंद्याच्या सवयीने मी पहिल्या टेककडे गेलो. तिथे मावशीच होती, तरुण, जराशी घाबरलेली. आणि दोन ओळींमधल्या शांततेत, दूर कुठेतरी, आणखी कोणीतरी पुटपुटत होतं. गुंडाळलेल्या रिळात एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, हे मी दोघांना समजावून सांगितलं. चांगलं समजावलं.

तिसऱ्या टेकमध्ये त्या पुटपुटण्यातले शब्द चुकत होते.

पाचव्यात चुकत नव्हते.

सातव्यात आवाज मावशीच्या अगदी पाठीशी होता.

आठव्यात मावशी खोकली, तेव्हा ओळ त्याने पुरी केली.

मी यंत्र बंद केलं.

सहीचा कागद टेबलावर तसाच होता. "करा सही, बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाले. "नाव मागायला दुसरं कोण येणार आहे?" बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते रुचलं नसावं. खुर्ची सरकवून ते भिंतीला पाठ लावून बसले.

मावशीने पेनाला टोपण लावलं.

"नको. तिचं आहे."

"कोणाचं?"

"आठव्यानंतर मी त्या गायच्या काचेच्या खोलीतून बाहेर पडले ना, तेव्हा ती आतच होती. मी दार धरलं तिच्यासाठी. तिने मानेनेच सांगितलं, तू जा."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"त्यात सांगायचं काय? वाटलं, माझा आवाज पुसायला कोणी आलीय. पुढे गाणं वाजायला लागलं तेव्हा वाटलं, तिचं पसंत पडलेलं दिसत नाही, माझंच ठेवलं."

"नाव तरी विचारायचंस."

"डमी गाणारी पुढचीला नाव विचारत नाही," मावशी म्हणाली. "रीत नाही तशी."

रेकॉर्डिस्टनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. "बाई, ती खोली एका माणसाची होती. कपाटाएवढी. दुसरं माणूस मावायचं नाही तिच्यात."

"ते मला सांगता?" मावशी म्हणाली. "आठव्या टेकला हात हलवायला जागा नव्हती."